एक जुना इंग्लिश गायक अख्खा कसा ऐकायचा, आणि मग आत्याच्या वहीकडे कसं वळायचं

यूट्यूबवर इंग्लिश फोक साँग टाकलं की काय येतं ते मला पाठ झालंय. गिटार घेतलेली गोड पोरं, मागे धुकं, व्हायोलिन, मधेच एखादं कुत्रं. वाईट नसतं ते, मी स्वतः दोन वर्षं तेच ऐकलंय, पंचवटीतून सातपूरला कंपनीत जाताना आणि येताना त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला अडकलो की तेच, आणि मला वाटायचं आपल्याला इंग्लिश लोकसंगीत कळायला लागलं. घंटा कळत होतं. ही गाणी ज्या म्हाताऱ्या शेतमजुरांकडून, सुतारांकडून, कोळ्यांकडून आली त्यांचा आवाज ऐकला तेव्हा पहिल्या दिवशी मी दोन मिनिटांत बंद केलं. कोरडा आवाज, साथ नाही, भाव नाही, चौदा कडवी आणि चौदाही एकसारखी. मग हळूहळू नाद लागला. आमच्या पेटी-तबल्याच्या ग्रुपमधले दोघंतिघं विचारत असतात की हे ऐकायचं कसं, सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

तर पहिली गोष्ट, गाणं शोधू नका, माणूस शोधा. एकच. एका गाण्याची वीस व्हर्जन ऐकण्यापेक्षा एका माणसाची वीस गाणी ऐका, कारण या लोकांचा सगळा खजिना डोक्यात असायचा आणि त्यात देवाचं, दारूचं, खुनाचं, युनियनचं, चावट असं सगळं शेजारी शेजारी नांदायचं, सुटं एक गाणं उचललं की ती वस्ती दिसतच नाही.

मी सांगीन वॉल्टर पार्डनपासून सुरू करा. जन्म १९१४, इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक परगण्यात नॅप्टन नावाचं गाव, धंद्याने सुतार, लग्न केलं नाही, जन्मभर त्याच एका घरात राहिला. गाणी मिळाली मुख्यतः मामाकडून, बिली गी त्याचं नाव, आणि मामाला त्याच्या बापाकडून, म्हणजे वॉल्टरच्या आईच्या वडलांकडून. हे आजोबा वॉल्टर जन्मायच्या आधीच गेलेले पण गाणी मामाच्या तोंडून पोचली. आपल्याकडे मामाकडून गावचा वाडा नाहीतर भांडणं येतात, याला दीडशेच्या वर गाणी आली.

मामा १९४२ ला गेला. गावात ही गाणी ऐकायला कोणी उरलं नव्हतं, जमाना रेडिओचा, तरुणांना यात रस नाही. मग या माणसाने काय केलं तर शाळेच्या वहीत शब्द लिहून काढले, वही १९४८ ची. आणि चाली विसरू नयेत म्हणून घरात एकटा बसून मेलोडियनवर वाजवत राहिला, मेलोडियन म्हणजे दोन्ही हातांत धरून भाता ओढायचा-दाबायचा तो बटणांचा बाजा. ऐकणारं कोणी नाही, असं पंचवीस एक वर्षं. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका नातेवाईकाने मागे लागून टेपरेकॉर्डरवर गाणी भरून घेतली, ती टेप फिरत फिरत पीटर बेलामी या गायकाकडे पोचली, आणि १९७५ मधे वयाच्या साठीनंतर या सुताराचा पहिला एलपी आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या द्विशताब्दीला तिकडे गाऊन आला. १९९६ ला वारला.

त्याच्या घरातली एक गंमत मला फार आवडते. नाताळात सगळे मामा-मावश्या जमायचे आणि गाणी व्हायची, पण ज्याचं गाणं त्याचंच, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. वॉल्टर सगळ्यात लहान, त्याच्या वाटेला एकच गाणं आलं कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं. आपल्याकडे गावच्या भजनी मंडळात बघा, अमुक गवळण तमुक बाबांचीच, ते हयात असेपर्यंत कोणी उचलत नाही, उचलली तर पुढच्या सप्त्याला बोलाचाली बंद. मग जेव्हा सगळे बाबा जातात तेव्हा ज्या पोराला गायला मिळत नव्हतं त्याच्याच डोक्यात सगळ्यांची गाणी असतात. वॉल्टरचं एक्झॅक्टली तेच झालं.

तो नको वाटला तर हॅरी कॉक्स घ्या, तोही नॉरफोकचाच, शेतमजूर, १८८५ ते १९७१. त्याच्याकडून विसाच्या दशकात ई. जे. मोरान या संगीतकाराने गाणी उतरवून घेतली, १९३४ ला तबकडी निघाली आणि १९५३ मधे अमेरिकेचा अ‍ॅलन लोमॅक्स येऊन रेकॉर्ड करून गेला, लोमॅक्सचा संग्रह ऑनलाईन फुकट ऐकायला मिळतो. समुद्रावरचं पाहिजे असेल तर सॅम लार्नर, विंटरटनचा मच्छीमार, १८७८ चा जन्म. आणि दोन आवाजांत ऐकायचं असेल तर ससेक्सचं कॉपर घराणं, रॉटिंगडीन गावातलं, ते घरातले बापलेक-भाऊ मिळून गातात आणि खालचा-वरचा सूर धरतात, या सगळ्या एकट्या गाणाऱ्यांत तो अपवाद आहे. सगळ्यांचं थोडं थोडं चाखायचं असेल तर टॉपिक रेकॉर्ड्सने १९९८ मधे द व्हॉइस ऑफ द पीपल म्हणून २० सीडींची मालिका काढली होती, पण ते नंतर, आधी एक माणूस.

ऐकायचं कसं? दिवसाला तीन गाणी, जास्त नाही. बाईकवर नाही. तानपुरा अ‍ॅप लावून त्याच्या सुराशी जुळवत बसू नका, मी बसलो होतो, पट्टी काळी दोन धरली आणि पाचव्या कडव्यापर्यंत गडी वर सरकलेला, मला वाटलं बेसूर आहे. अहो साथ नसताना गातोय, त्याला कोण धरून ठेवणार, आणि त्याला पर्वाही नाही. पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा कागद समोर ठेवा कारण नॉरफोकची बोली आहे, आपण शाळेत शिकलेलं इंग्रजी तिथे पाणी भरतं. दुसऱ्यांदा कागद उलटा ठेवा आणि फक्त कडव्याची शेवटची ओळ ऐका, तिथे तो श्वास कुठे घेतो, शब्द जास्त झाले तर चालीत कसे कोंबतो, कमी पडले तर कुठला सूर लांबवतो. चौदा कडवी एकसारखी असं मी वर म्हटलं ना, ते खोटं आहे, कान बसायला महिना लागला एवढंच. हे तिकडे सगळ्यात आधी पर्सी ग्रेंजर या संगीतकाराने धरलं, १९०६ मधे तो लिंकनशरमधे मेणाच्या नळीवर आवाज भरणारा फोनोग्राफ घेऊन गेला आणि जोसेफ टेलर या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज भरून आणला, मग एकेक कडवं परत परत ऐकून दर कडव्यात चाल कशी बदलते ते कागदावर मांडलं. एका नळीवर जेमतेम दोन मिनिटं मावायची, त्यामुळे चौदा कडव्यांचं गाणं त्यात बसायचा प्रश्नच नाही, जुनं रेकॉर्डिंग मधेच तुटल्यासारखं वाटलं तर गायकाला नावं ठेवू नका.

आणि भाव नाही ही तक्रार. हा मुद्दा मला आमच्या आत्यामुळे कळला, ते पुढे येईलच, पण थोडक्यात सांगायचं तर हे लोक गोष्ट सांगतायत आणि गोष्टीत खून झाला म्हणून सांगणाऱ्याने रडायचं नसतं. आपल्या कीर्तनकाराला सवय आहे प्रत्येक पात्र करून दाखवायची, तो चष्मा काढून ठेवा.

आता यादी. कंटाळवाणं काम आहे पण यातच मजा आहे. ससेक्समधे हॉर्शम गावी हेन्री बर्स्टो नावाचा चांभार होता, १८२६ ते १९१६, चर्चच्या घंटा वाजवण्यातही पटाईत, त्याने स्वतःच्या पाठ गाण्यांची यादी केली होती, ४२० गाणी. चारशे वीस! आकडा ऐकून आपण हसतो पण माणूस अस्सल. गंमत बघा, त्याच्याकडे गाणी जमवणारी लूसी ब्रॉडवूड आली, संगीतकार व्हॉन विल्यम्स आला, आणि त्यांनी निवडून तीच गाणी उतरवली जी त्यांच्या मते खरी लोकगीतं, बाकीची बाजारातली, नाटकातली, छापील, ती सोडली. म्हातारा मात्र ४२० सगळी एकाच यादीत धरून बसलेला, त्याला त्यात उच्च-नीच नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की बर्स्टो बरोबर होता. वॉल्टर पार्डनकडे पण जुन्या बॅलड्सबरोबर, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांबरोबर, व्हिक्टोरियन काळातली म्युझिक हॉलची, म्हणजे तिकडच्या करमणुकीच्या थिएटरांतली गाणी होती, शेतमजुरांच्या युनियनची होती, आणि तो सगळी त्याच इमानाने गायचा. म्हणजे नवं-जुनं त्याला कळत नव्हतं असं नाही, उलट कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, त्याची एक खूण होती ती खाली सांगतो.

यादी करायला एक जागा आहे, लंडनच्या सेसिल शार्प हाऊसमधली व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररी, तिची वेबसाईट सगळ्यांना फुकट खुली आहे. तिथे राउड इंडेक्स शोधा. स्टीव्ह राउड हे पेशाने ग्रंथपाल होते, त्यांनी प्रत्येक लोकगीताला एक नंबर दिलाय, म्हणजे गाण्याचं नाव गावोगाव बदललं, पहिली ओळ बदलली तरी नंबर एकच. उदाहरणार्थ बार्बरा अ‍ॅलन म्हणून जी प्रसिद्ध बॅलड आहे तिचा नंबर ५४, मग ती कोणी कुठल्याही नावाने गाऊ दे, ५४ टाकलं की सगळ्या येतात, नॉरफोकच्या, स्कॉटलंडच्या, अमेरिकेतल्या डोंगरातल्या. (लंडनच्या सॅम्युअल पेपीसच्या प्रसिद्ध डायरीत २ जानेवारी १६६६ ला तिचा उल्लेख आहे, म्हणजे इकडे शिवाजी महाराज आग्र्याला जायचे होते अजून.) आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्याला गट नंबर असतो तसंच समजा, मालक बदलतात, नंबर तोच.

पण तुम्ही नंबरवरून सुरू करू नका, गायकाच्या नावाने सर्च मारा, मग त्या माणसाची सगळी नोंदलेली गाणी एकाखाली एक येतील, ती एक्सेलमधे उतरवा. रकाने पाचच ठेवा: नंबर, तो स्वतः ज्या नावाने म्हणायचा ते नाव, कोणाकडून शिकला, मी ऐकलं का, आणि शेवटचा रकाना शेरा. मी सुरुवातीला चौदा रकाने केले होते आणि तिसऱ्या दिवशी फाईल उघडायचीच बंद केली.

कोणाकडून शिकला या रकान्यात बऱ्याचदा उत्तर छापील निघतं आणि तिथे आपला भ्रमनिरास होतो. आपल्याला वाटतं लोकगीत म्हणजे मातीतून उगवलं, कोणी लिहिलेलं नाही. तिकडे रस्त्यावर एका बाजूला छापलेले गाण्यांचे कागद विकले जायचे, ब्रॉडसाईड म्हणतात त्याला, पेनी-अर्ध्या पेनीला एक, लंडनच्या सेव्हन डायल्स भागात कॅटनॅचसारखे छापखानेवाले त्यावरच जगले. आपल्याकडे जत्रेत, वणीच्या गडावर, मेनरोडला फुटपाथवर गाण्यांची-आरत्यांची पातळ पुस्तकं मिळायची तसं. म्हणजे गाणं तोंडातून कागदावर, कागदावरून परत तोंडात, असा दोनशे वर्षं फेरा चाललेला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीने असे हजारो कागद स्कॅन करून ठेवलेत. एकदा करून बघा, तुमच्या गायकाचं एक गाणं घ्या, त्याचा छापील कागद काढा आणि शेजारी शेजारी ठेवा, छापलेलं कडवं त्याने कुठलं गाळलं, कुठला अवघड शब्द त्याच्या तोंडात बसेना म्हणून बदलला. गाळलेलं कडवं बहुतेक वेळा फालतू असतं. लोकांची कात्री संपादकापेक्षा चांगली चालते असं माझं मत झालंय. संपादकांच्या कात्रीचं वेगळं दुखणं, सेसिल शार्पने १९०३ मधे सॉमरसेटमधे एका माळ्याच्या तोंडचं गाणं ऐकलं आणि तिथून आयुष्यभर हजारो गाणी जमवली, मोठंच काम, पण पुस्तकात छापताना चावट शब्द सोज्वळ केले. त्याच्या हस्तलिखित वह्या पण व्हॉन विल्यम्स लायब्ररीच्या साईटवर आहेत, त्यामुळे पुस्तकावर न जाता वही बघा.

आता ती खूण. वॉल्टर म्हणायचा की गाणं खरंच जुनं आहे का हे त्याला मेलोडियनवर कळतं, जुनं गाणं संपताना भाता ओढलेला असतो आणि नंतरचं असेल तर दाबलेला. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याने फेकली. मग पेटीवर करून बघायला गेलो तर पेटीवर हे होणारच नाही, आपल्या पेटीचा भाता कसाही हलवा सूर तोच. मेलोडियनचं एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. पण हीच भानगड माउथ ऑर्गनमधे आहे आणि तो मिळतो, दहा भोकांचा साधा घ्या. चौथं भोक फुंकलं की सा, तेच ओढलं की रे, पाचवं फुंकून ग, ओढून म, सहावं फुंकून प, ओढून ध, सातव्याला उलटं, आधी ओढून नी आणि मग फुंकून वरचा सा. म्हणजे सा-ग-प फुंकायचे, रे-म-ध-नी ओढायचे.

आता एखादी चाल यावर बसवा आणि शेवटचा सूर कुठे टेकतो बघा. सा वर टेकली तर फुंक, ती मेजर चाल, आपल्या भाषेत बिलावलच्या स्वरांची, म्युझिक हॉलची बहुतेक गाणी इथे येतात. पण जर रे वर टेकली तर ओढ, आणि त्या रे ला सा मानून सगळे सूर परत मोजले तर कोमल ग, कोमल नी, ध शुद्ध, म्हणजे काफी थाट निघतो! तिकडे त्याला डोरियन मोड म्हणतात आणि जुन्या इंग्लिश चालींत तो भरपूर आहे. ध वर टेकली तरी ओढच, तो आसावरी थाट होतो, त्यांचा एओलियन. रात्री अकराला गच्चीवर बसून मी हे करत होतो आणि पहिल्यांदा तो ओढीचा शेवट आला तेव्हा अंगावर काटा आला राव, नॉरफोकचा सुतार मला पंचवटीत बसून थाट शिकवतोय. खूण शंभर टक्के चालत नाही हेही सांगतो, प वर संपणाऱ्या खमाजसारख्या चाली आहेत जुन्या, त्या फुंकून संपतात आणि तिथे फसायला होतं. आमचे पेटीचे सर म्हणाले थाट वेगळा, त्यांचा मोड वेगळा, उगाच जोडू नकोस, ते बरोबरच आहे, आणि ज्या नाशकात पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढला तिथे बसून मी त्यांच्याहून वेगळ्या वाटेच्या भातखंड्यांचे थाट सांगतोय हे पण आहेच. पण कान तयार करायला आपल्या ओळखीची खुंटी लागते, ती ही.

इथपर्यंत तीनेक महिने जातात. यानंतर जे होतं ते माझ्या बाबतीत आपोआप झालं आणि त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहितोय, की एक माणूस असा अख्खा ऐकला की घरात असा माणूस आहे का ते बघायची खाज सुटते. आमची आत्या दिंडोरी तालुक्यात असते, सत्तर पार, द्राक्षबागेचं घर. तिला जात्यावरच्या ओव्या येतात हे मला लहानपणापासून माहीत, पण माहीत असणं म्हणजे काय तर एकदाही नीट ऐकल्या नव्हत्या.

पहिल्या खेपेला मी ज्या ज्या चुका करता येतात त्या सगळ्या केल्या. जेवणानंतर फोन तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हणालो आत्या ओव्या गा ना. तिने पदर सावरला आणि सिनेमाच्या चालीवरचं एक भजन गायली, कारण भाचा शहरातून आलाय, फोन धरलाय, म्हणजे कार्यक्रम आहे. मी म्हटलं अगं ते नाही, ओव्या. तर म्हणते, "आरं ते काय गाणं हाय का, ते म्हनायचं आसतं." तिथे मला कळलं की गा म्हटलं की ती गात नाही, म्हण म्हटलं की म्हणते. आणि भाव नाही म्हणून मी ज्या सुताराला बंद केलं होतं तोही म्हणतच होता की.

तरी येईना. दोन ओळी झाल्या की अडकायची, हात मांडीवर अस्वस्थ. मग स्वतःच उठली, पितळी परात आणून पालथी घातली आणि तिच्या काठावरून तळवा गोल गोल फिरवायला लागली, परात फरशीवर खरखर खरखर, आणि चौथ्या फेऱ्याला ओवी सुरू झाली ती पाऊण तास थांबली नाही. वॉल्टरला चाली भात्याच्या ओढीत सापडायच्या, हिला हाताच्या फेऱ्यात. म्हणून तुमचं माणूस शेतात खुरपताना म्हणत असेल तर त्याला सोफ्यावर बसवू नका, आणि पाळण्याची गाणी असतील तर हातात काहीतरी हलवायला द्या.

रेकॉर्डिंगचं टेक्निकल थोडक्यात. फोन फ्लाईट मोडवर, नाहीतर नेमका ओवीत लोनवाला येतो. फोन जमिनीवर ठेवू नका, गोधडीची घडी करून त्यावर, तोंडापासून दीड-दोन हातांवर, माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमधे परातीची खरखरच जास्त आहे. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि गावात असाल तर देवळाच्या भोंग्याची वेळ आधी विचारून घ्या. रेकॉर्डर अ‍ॅपमधे वॅव्ह फॉरमॅट निवडा. आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर साधा ऑडिओ म्हणून पाठवू नका, तो आवाज चेपून टाकतो, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अर्धवट आठवलेली ओवी पण ठेवा, मधलं बोलणं, खोकला, नातीला मारलेली हाक पण ठेवा, कापाकापी नंतर कॉपीवर करा.

चालीला आत्या गळा म्हणते, हा हिचा गळा, तो माहेरचा गळा. तो शब्द तसाच यादीत लिहा. कोणाकडून शिकली हे विचाराल तर पहिलं उत्तर कोणाकडून नाही, अशीच येते, हेच असतं, त्यामुळे असं विचारू नका, विचारा की तुझ्या लग्नाच्या वर्षी जात्यावर समोर कोण बसायचं. मग सासू निघते, जाऊ निघते, देवळाच्या मागची एक बाई निघते आणि प्रत्येकीच्या ओव्या वेगळ्या निघतात. आत्याची अशीच फाईल केली, नंबर आपले आपणच द्यायचे, एकपासून. जुळणी बघायची असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आता पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साईटवर आहे, एक लाखाहून जास्त ओव्या, मराठीत वाचता येतात आणि बऱ्याच ऐकता पण येतात. तिथे आत्याच्या ओवीची बहीण सापडते, शब्द थोडे इकडेतिकडे. आमच्या सिन्नरच्या मित्राच्या घरी ओव्या नाहीत, त्याच्या वडलांच्या वहीत सगळी वामनदादा कर्डकांची गाणी, वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचेच, तर त्याने ती वही घेतली. ओव्या नाहीत म्हणून तुमच्या घरात काही नाही असं समजू नका, वॉल्टरचे मामा पण युनियनची गाणी म्हणायचेच.

हो आणि आत्याकडे पण वही आहे, नातवाची दोनशे पानी, त्यात ओव्या, अभंग, गवळणी, त्या सिनेमाच्या चालीवरची भजनं आणि एका साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं प्रचारगीत, कोणत्या पॅनलचं ते विचारलं तर हसते नुसती. मी काय केलं, फक्त ओव्यांच्या पानांचे फोटो काढले. बाकीचं काय करायचंय म्हणून. बर्स्टोच्या चारशे वीसवरून वर एवढं भाषण दिलं ना मी, ते अक्कल आल्यानंतरचं. पुढच्या खेपेला गेलो तर जुलैच्या पावसात कौल सरकून ट्रंकेत पाणी गेलेलं, वहीचा निळ्या शाईचा भाग सगळा पसरलेला, आणि आत्या म्हणाली की कुठली कोणाकडून घेतली ती नावं तिने अभंगांच्या पानांवर कडेला लिहून ठेवली होती. ती पानं मी घेतलीच नव्हती. तेव्हा वही मिळाली की पहिल्या कव्हरपासून शेवटच्या कव्हरपर्यंत, हिशोबाची, दुधाच्या रतिबाची, उलटी लिहिलेली, सगळी पानं, तिथल्या तिथे, चहा यायच्या आत.

शेअर करायच्या आधी विचारा. ओव्यांत नणंदेचं, सवतीचं, नवऱ्याच्या माराचं असतं, नावानिशी असतं, आणि ती माणसं नाहीतर त्यांची पोरं त्याच गल्लीत राहतात. आत्याने अकरा ओव्या मला बाजूला ठेवायला लावल्यात, मी गेल्यावर काय करायचं ते कर म्हणाली, त्या वेगळ्या फोल्डरमधे आहेत आणि तिथेच राहतील. बाकीच्या तिच्या नातीच्या फोनमधे टाकून दिल्या, पेनड्राईव्ह देऊन उपयोग नाही, गावात तो कोण लावणार.

एक्सेलमधे सध्या ६१ नंबर झालेत, त्यातले १९ अर्धे. ऑक्टोबरमधे छाटणी असते, तेव्हा आत्याला फोन पण करायचा नाही, मजुरांचा स्वयंपाक, डिपिंग, सगळं तिच्याच डोक्यावर. ते उरकलं की जाईन, या वेळी परात न्यायची गरज नाही, शेजारच्यांच्या गोठ्यात जातं सापडलंय, खुंटा तेवढा बसवून घ्यायचाय.